कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचा सेफ्टी

मार्च २०२२ च्या पहिल्या रविवारी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, नव्या खेळाडूंची चाचणी घेणाऱ्या मेळाव्यात, काइल हॅमिल्टन ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर धावला. घड्याळात ४.५९ सेकंद उमटले. नोटर डेम विद्यापीठाचा हा सहा फूट चार इंच उंचीचा, २२० पौंड वजनाचा सेफ्टी त्या वर्षीच्या पहिल्या पाच खेळाडूंत मोडतो, असं तोवर अनेक जाणकार म्हणत होते. काही दिवसांनी तो आपल्या विद्यापीठात पुन्हा धावला, तेव्हा वेळ ४.७ च्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या आणि त्याचं नाव याद्यांमध्ये खाली सरकू लागलं. २८ एप्रिलला लास व्हेगासमध्ये अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट सुरू झाला; त्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. हॅमिल्टनच्या आधी तेरा नावं पुकारली गेली. चौदावी निवड बाल्टिमोर रेव्हन्सची होती. त्यांनी त्याला घेतलं.

पुढच्याच वर्षी, २०२३ च्या हंगामात, हॅमिल्टन हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-प्रो संघाच्या पहिल्या फळीत निवडला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये रेव्हन्सने त्याच्याशी चार वर्षांचा, दहा कोटी डॉलरहून थोडा मोठा करार केला. तोवर एवढा पैसा कुठल्याही सेफ्टीला मिळाला नव्हता.

घड्याळ चुकलं नव्हतं. तो खरोखरच तेवढ्याच वेगाने धावला होता. पण सेफ्टीचं काम धावण्याच्या आधी सुरू होतं, आणि तो आधीचा क्षण मोजणारं यंत्र इंडियानापोलिसमध्ये नाही. या जागेवरचा मुलगा पारखताना संघ पुन्हा पुन्हा फसतात ते इथेच.

अमेरिकी फुटबॉलमध्ये बचाव करणारे अकरा जण असतात. पुढची फळी धक्काबुक्की करते, मधली फळी धावणाऱ्याला अडवते, कडेचे कॉर्नरबॅक फेक झेलणाऱ्या रिसीव्हरला चिकटून राहतात. या सगळ्यांच्या मागे दोन सेफ्टी उभे असतात. पुढच्या कोणाचीही चूक झाली की ती निस्तरायची जबाबदारी त्यांच्यावर येते. त्यांचीच चूक झाली तर मागे कोणी नसतं, समोरचा थेट गोलरेषा गाठतो. प्रत्येक सेफ्टीला दर खेळीत एकच प्रश्न सोडवावा लागतो. चेंडू हातात घेऊन कोणी पळणार आहे की तो लांब फेकला जाणार आहे? पळणार असेल तर पुढे झेपावायचं, फेकला जाणार असेल तर मागे हटायचं. उत्तर शोधायला सेकंदाचा काही अंशच मिळतो, आणि चेंडू फेकणारा समोरचा क्वार्टरबॅक मुद्दाम खोटी हूल देत असतो.

टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. चेंडू मागे सरकवला की कॅमेरा क्वार्टरबॅकवर येतो आणि सेफ्टी चौकटीबाहेर जातात. चेंडू त्यांच्या दिशेने आला तरच ते पुन्हा दिसतात, तेही शेवटच्या क्षणी. म्हणून खेळाडू पारखणारे स्काउट दुसरंच चित्रीकरण पाहतात. स्टेडियममध्ये उंचावर लावलेल्या कॅमेऱ्यात बावीसच्या बावीस खेळाडू सतत दिसतात, त्याला ‘ऑल-ट्वेंटी-टू’ म्हणतात. ते पाहताना चेंडूवरून नजर काढून घ्यावी लागते. मुलाने पहिलं पाऊल कधी टाकलं? मागे सरकताना कंबर मोकळी वळली की आखडली? क्वार्टरबॅकने डावीकडे पाहिलं तेव्हा हा डावीकडे ओढला गेला की जागेवर थांबला? एकच खेळी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली जाते. ज्या खेळीत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही ती बहुतेक वेळा जास्त शिकवते, कारण तो योग्य जागी उभा होता म्हणूनच तिकडे फेक झाली नसेल.

हॅमिल्टनची एक खेळी यासाठी आवर्जून पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२१, टॅलाहॅसी, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध हंगामाचा पहिला सामना. हॅमिल्टन मैदानाच्या एका अंगाला उभा होता. फेक झाली विरुद्ध कडेला. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटतो न सुटतो तोच तो निघाला, जवळजवळ सगळं मैदान ओलांडून गेला आणि कडेच्या रेषेआत चेंडू पकडला. समोरच्याची फेक अशी मध्येच पकडणं म्हणजे इंटरसेप्शन; त्या सामन्यातला त्याचा तो दुसरा. पाहताना वाटतं, हा मुलगा विजेसारखा धावतो. घड्याळ सांगतं, नाही. मग तो तिथे पोहोचला कसा?

साधं गणित करून पाहू. ४.५९ सेकंदांत ४० यार्ड, म्हणजे सेकंदाला सरासरी पावणेनऊ यार्ड. ४.५० सेकंदांत धावणारा त्याच्या पुढे किती असेल? जेमतेम एक यार्ड. उलट ज्याला चेंडू कुठे जाणार हे अर्धा सेकंद आधी कळलं, तो चेंडू हवेत असतानाच तीन-चार यार्ड पुढे निघालेला असतो. डोळ्यांनी कमावलेलं अंतर पायांच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं आहे. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना हे समजावून सांगावं लागणार नाही. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहून २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेले, ते फलंदाजाचं पाऊल वाचून. शंभर मीटरची शर्यत लावून तो क्षेत्ररक्षक कोणाला सापडला नसता.

याची दुसरी बाजू २०१७ मध्ये दिसली. कनेक्टिकट विद्यापीठाचा ओबी मेलिफोन्वू उंची-वजनाने हॅमिल्टनसारखाच, पण ४० यार्ड ४.४० सेकंदांत धावला आणि उभ्या जागेवरून ४४ इंच उंच उडाला. एवढ्या मोठ्या शरीरात एवढी उडी, पाहणारे थक्क झाले. ओकलंडच्या रेडर्सने त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण ५६ व्या क्रमांकावर घेतलं. दुखापती मागे लागल्या, पाय रोवता आले नाहीत आणि २०१८ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. दुखापतीचा दोष मुलाला देता येत नाही. पण त्याचं नाव मार्चमध्ये एवढं वर चढलं ते उडीमुळे, आणि सामन्यातला त्याचा खेळ त्या उडीइतका उंच कधीच नव्हता.

तरीही संघ केवळ घड्याळाला भुलतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. हॅमिल्टनच्याच ड्राफ्टमध्ये मिशिगनचा डॅक्स हिल ४.३८ आणि जॉर्जियाचा लुइस सीन ४.३७ सेकंदांत धावले होते. ते निवडले गेले ३१ वे आणि ३२ वे. दोघेही त्याच्याहून वेगवान, आणि दोघेही त्याच्या बरेच मागे. म्हणजे निदान काहींनी चित्रीकरण नीट पाहिलं होतं.

आता मैदानाच्या आखणीबद्दल थोडं सविस्तर, कारण महाविद्यालयीन सेफ्टीची पारख इथे सर्वांत जास्त अडते. फुटबॉलचं मैदान १६० फूट रुंद. त्यावर लांबीच्या दिशेने आखूड रेघांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅश म्हणतात. प्रत्येक खेळी या दोन रांगांवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होते. व्यावसायिक मैदानात हे दोन हॅश साडेअठरा फुटांवर असतात, महाविद्यालयीन मैदानात चाळीस फुटांवर. त्यामुळे महाविद्यालयीन सामन्यात चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट मैदान उरतं आणि दुसऱ्या बाजूला फक्त ६०. अरुंद बाजूच्या सेफ्टीला कडेची रेषाच मदत करते. तो मुलगा चित्रीकरणात चलाख आणि वेळेवर पोहोचणारा दिसतो, पण त्याला फारसं धावावंच लागलेलं नसतं. रुंद बाजूचा सेफ्टी त्याच खेळीत धापा टाकत असतो. व्यावसायिक खेळात चेंडू जवळपास मध्यावर असतो, दोन्ही बाजूंना धोका सारखा, आणि लपायला अरुंद बाजू उरत नाही. म्हणून मुलगा कोणत्या बाजूला उभा होता हे न नोंदवता लिहिलेला अहवाल अर्धवटच समजावा. टॅलाहॅसीतल्या, जवळजवळ सगळं मैदान ओलांडलेल्या त्या खेळीचं मोलही यातच आहे.

आकड्यांबाबतही असंच. एखाद्या सेफ्टीने हंगामात शंभर टॅकल केले तर ते कौतुकाचं वाटतं. पण मागच्या माणसाला एवढे टॅकल करावे लागले याचा अर्थ पुढची फळी गळत होती. इंटरसेप्शनही कधी दुसऱ्याच्या हाताला लागून उडालेल्या चेंडूवर मिळतात. मी यापेक्षा चुकलेल्या टॅकलकडे जास्त लक्ष देईन, आणि तिथेही ताकद नव्हे, कोन पाहीन. धावणाऱ्याला गाठायला निघताना ज्याने चुकीची रेषा धरली, तो कितीही दणकट असला तरी त्याच्या हाती जर्सीसुद्धा लागत नाही.

इंडियानापोलिसचा मेळावा मुळात डॉक्टरांसाठी सुरू झाला होता हे आता फारसं कोणी सांगत नाही. १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे तो पहिल्यांदा भरला, तो संघांनी वेगवेगळ्या तपासण्या करण्याऐवजी सगळ्यांची तपासणी एकत्र व्हावी म्हणून. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुडघा दुखावल्याने हॅमिल्टनचा उरलेला हंगाम बुडाला होता. त्याच्या बाबतीत त्या गुडघ्याचा अहवाल ४.५९ या आकड्याइतकाच महत्त्वाचा होता. याच मेळाव्यातल्या मुलाखतीत प्रशिक्षक मुलाला फळ्यासमोर उभं करतात आणि त्याच्याच संघाने गोल खाल्लेली खेळी काढून दाखवायला सांगतात. सेफ्टीला अकराही जणांची कामं माहीत असावी लागतात, कारण खेळी सुरू होण्याआधी ओरडून रचना बदलायची असते ती बऱ्याचदा त्यालाच. स्वतःच्या कामापुरतं सांगून थांबणारा मुलगा तिथेच उघडा पडतो.

एवढं सगळं करून चांगला मुलगा सापडला तरी संघ त्याच्यावर लवकरची निवड खर्चायला कचरतात. २०१० मध्ये एरिक बेरी पाचवा निवडला गेला, त्यानंतर २०२५ पर्यंत एकही सेफ्टी पहिल्या पाचांत नव्हता. २०२४ मध्ये तर पहिल्या फेरीत एकाचंही नाव आलं नाही. क्वार्टरबॅकवर झेपावणारे किंवा कडेला एकास एक झुंजणारे आधी घ्यावेत, सेफ्टी मागून मिळतो, हा हिशेब मला पटत नाही. बाल्टिमोरलाही तो कधी पटलेला दिसत नाही. २००२ मध्ये त्यांनी २४ व्या क्रमांकावर एड रीडला घेतलं. त्याने कारकिर्दीत ६४ इंटरसेप्शन केले आणि २०१९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

रेव्हन्सनी हॅमिल्टनला घेऊन फक्त मागे उभं केलं नाही. बचावाचे प्रशिक्षक माइक मॅकडॉनल्ड यांनी त्याला पुढे आणलं, कधी आतल्या रिसीव्हरसमोर, कधी थेट क्वार्टरबॅकवर सोडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्याने पूर्वार्धातच क्वार्टरबॅकला तीनदा पाडलं. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध सामना सुरू होताच फेक स्वतःच उडवली, स्वतःच पकडली आणि गोलरेषा गाठली. ४० यार्ड सरळ धावण्याची वेळ या कामात फार क्वचित येते. त्याच्यासारखाच खेळाडू दुसऱ्या एखाद्या संघात वर्षानुवर्षं खूप मागेच उभा राहिला असता, तर तीच ४.५९ ची नोंद त्याला नडली असती. त्यामुळे पारख मुलाची जितकी, तितकीच त्याला कुठे उभं करायचं हे ठरवणाऱ्याचीही.

मॅकडॉनल्ड २०२४ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात साउथ कॅरोलिनाचा निक एमनवोरी, सहा फूट तीन इंच, २२० पौंड, ४.३८ सेकंदांत धावला आणि ४३ इंच उडाला. त्याच्याबद्दल चर्चा मात्र उलटी होती. शरीर आणि वेग निर्विवाद, पण या शरीराने सामन्यात जेवढं आक्रमक व्हावं तेवढा तो होतो का, अशी शंका अनेकांनी घेतली. पहिली फेरी संपली, त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी ३५ व्या निवडीसाठी सिअ‍ॅटलने टेनेसीशी सौदा करून आपली जागा वर सरकवली आणि त्याला घेतलं. हॅमिल्टनला पुढे आणणारा प्रशिक्षक तिथे होता, आणि अशा मुलाला कुठे उभं करायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं.