पावती, बक्षीस आणि विश्वास

बाजारहाट करून परतणाऱ्या ग्राहकाच्या पिशवीत सामानाबरोबर एक लहानसा कागदही येतो. बहुधा तो दुसऱ्याच दिवशी केरात जातो. ग्राहकाने भरलेला कर शासनाच्या तिजोरीत पोहोचावा, ही अपेक्षा मात्र याच कागदावर अवलंबून असते. दुकानदाराने बिलच दिले नाही, तर ग्राहकाने दिलेला कर मधल्यामध्ये राहू शकतो. ग्राहकाने आपण होऊन बिल मागावे यासाठी अनेक शासनांनी बिलावर बक्षीस ठेवण्याचा मार्ग अवलंबिला आहे. तथापि बक्षीस आले की त्याच्या पाठोपाठ लबाडीही येते. अशा योजनेचे यश बक्षिसाच्या रकमेपेक्षा पडताळणीच्या काटेकोरपणावर अधिक अवलंबून असते.

तैवानमध्ये १९५१ पासून विक्रीच्या बिलांवर सोडत काढली जाते. तेथे बिलावरील क्रमांक हाच सोडतीचा क्रमांक असतो आणि दर दोन महिन्यांनी निकाल जाहीर होतो. अनेक ग्राहक आपली बिले धर्मादाय संस्थांच्या पेट्यांत टाकतात. बक्षीस लागल्यास ते संस्थेला मिळते.

भारतातील प्रयोग

केंद्र शासनाने १ सप्टेंबर २०२३ रोजी ‘मेरा बिल मेरा अधिकार’ ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. आसाम, गुजरात व हरियाणा ही राज्ये आणि पुदुच्चेरी व दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे केंद्रशासित प्रदेश यांची त्यासाठी निवड झाली होती. किमान २०० रुपयांचे बिल मोबाइलवरून अथवा संकेतस्थळावर नोंदविता येत असे. एका व्यक्तीस महिन्यात २५ बिलांची मर्यादा होती. दरमहा १० हजार रुपयांची ८०० व १० लाख रुपयांची १० बक्षिसे, तसेच दर तिमाहीस एक कोटी रुपयांची दोन बक्षिसे ठेवण्यात आली होती.

किमान रकमेच्या अटीमागे कारण होते. विक्री २०० रुपयांहून कमी असेल आणि नोंदणी नसलेल्या ग्राहकाने मागणी केली नसेल, तर स्वतंत्र बिल देण्याचे बंधन विक्रेत्यावर नसते. मासिक मर्यादेचाही हेतू उघड आहे. एकाच व्यक्तीने इतरांनी टाकून दिलेली बिले गोळा करून शेकडो नोंदी करू नयेत, यासाठी ती आवश्यक ठरते.

एक बिल, एकच नोंद

लबाडीचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे एकच बिल अनेकांनी दाखविणे. बिलाचे छायाचित्र कितीही वेळा काढता येते. त्यामुळे चित्रावर विसंबून चालत नाही. उपाय बिलावरच छापलेला असतो. वस्तू व सेवा कर नियमांनुसार बिलाचा अनुक्रमांक त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक, दिनांक व रक्कम ही माहिती एकत्र केली की त्या विक्रीची जणू ओळखपत्रिकाच तयार होते. तीच माहिती दुसऱ्यांदा आली, की नोंद नाकारावयाची.

विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढील दहा अक्षरे विक्रेत्याच्या पॅन क्रमांकाची असून शेवटचे अक्षर तपासणीचे असते. एखादे अक्षर चुकले किंवा क्रमांक मनानेच रचला, तर बहुधा ते या अक्षरावरून कळते. क्रमांक रचनेने बरोबर असला तरी नोंदणी चालू आहे किंवा रद्द झाली आहे, हे करविभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

यंत्राच्या पलीकडे

एक गोष्ट मात्र यंत्राला कळत नाही. किरकोळ विक्रीची बिले दुकानदाराच्या विवरणपत्रात सामान्यतः एकत्रित रकमेने दाखविली जातात. त्यामुळे विक्री न करताच परिचिताच्या नावे फाडलेले बिल अथवा माल परत केल्यानंतरही वापरलेले बिल कागदावर खरेच दिसते. म्हणून विजेत्याकडून मूळ बिल मागून ते दुकानाच्या नोंदवहीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. विजेत्याची ओळख पटवून बक्षीस त्याच्याच बँक खात्यात जमा केल्यास दुसऱ्याच्या नावे खेळणाऱ्यांना आळा बसतो. सर्व बिले तपासणे शक्य नसले, तरी बक्षीसपात्र बिले तपासणे सहज शक्य असते.

खाजगी व्यापाऱ्यांच्या सोडती ही निराळी बाब आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये विक्री वाढविण्यासाठी काढलेली सोडत, विहित अपवाद वगळता, अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. भेटवस्तूच्या योजनेचा अंतिम निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवून ठेवणे आणि विहित रीतीने बिल न देणे यांचाही त्यात समावेश आहे. म्हणून गावच्या बाजारात अशी योजना जाहीर झाल्यास पंचायत सदस्यांनी तिला कायद्याचा आधार आहे काय, नियम लेखी आहेत काय आणि निकाल कोठे प्रसिद्ध होणार, हे प्रथम विचारावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. विद्यार्थ्यांनी घरची बिले वर्गात आणून त्यांवरील नोंदणी क्रमांक, अनुक्रमांक व कराची रक्कम शोधावी. गणित आणि नागरिकशास्त्र यांचा हा एकत्रित पाठ होईल. उष्णतेने उमटणारी छपाई काही महिन्यांत पुसट होते. म्हणून महत्त्वाच्या बिलाची छायाप्रत काढून मूळ बिलासह जपण्याची सवयही मुलांना लावावी.

बक्षीस एखाद्यासच लागते. परंतु आपले बिल एकदाच आणि आपल्याच नावे मोजले गेले, ही खात्री प्रत्येक सहभागी ग्राहकास मिळावयास हवी. ती खात्री टिकली, तर बक्षीस न लागलेला ग्राहकही पुढच्या खरेदीच्या वेळी बिल मागितल्यावाचून दुकानाची पायरी उतरणार नाही.