कॉमन नाउन की प्रॉपर नाउन?

पालघर जिल्ह्यातल्या जूचंद्र गावाच्या पत्त्यातले इंग्रजी

• कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम: एका जातीतल्या सर्वांना लागू पडणारे नाव. व्हिलेज, हिल, टेंपल, स्टेशन. वाक्याच्या मध्ये आल्यास पहिले अक्षर लहान.

• प्रॉपर नाउन, म्हणजे विशेषनाम: एकाच व्यक्तीचे, स्थळाचे वा संस्थेचे नाव. जूचंद्र, चंडिका, वसई. पहिले अक्षर नेहमी मोठे.

• खरी अडचण इथे: सामान्यनाम विशेषनामाचा भाग झाले की त्याचेही अक्षर मोठे होते. नुसत्या ‘डिस्ट्रिक्ट’चा डी लहान; ‘पालघर डिस्ट्रिक्ट’मधला मोठा. जूचंद्रच्या टेकडीवरचे मंदिर म्हणजे नुसते ‘टेंपल’, तेव्हा टी लहान. ‘चंडिका देवी टेंपल’ लिहिताना मोठा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी मुलांना हा भेद वेगळा शिकावा लागतो, आणि त्याला वेळ द्यायलाच हवा.

• वार, महिने, भाषा, धर्म: मोठे अक्षर. ऋतू: लहान. म्हणून ‘संडे’चा एस मोठा, ‘समर’चा लहान. ‘मराठी’ विशेषण म्हणून आले तरी एम मोठाच.

• आर्टिकल, म्हणजे उपपद: ‘अ व्हिलेज’, ‘द व्हिलेज’, पण जूचंद्रपुढे काही नाही. नद्या व समुद्रांपुढे मात्र ‘द’: द वैतरणा, द अरेबियन सी.

• विशेषनामाचे सामान्यनाम: शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्यावरून ‘व्होल्ट’ हे एकक. शब्द लिहिताना व्ही लहान, चिन्ह म्हणून मोठा.

• इंग्रजीच्या उलट, जर्मन भाषेत सर्वच नामांचे पहिले अक्षर मोठे असते.