अंतःस्थापित प्रणालींवरील हार्डवेअर-साहाय्यित व्हिडिओ प्लेबॅक

अंतःस्थापित किंवा एम्बेडेड प्रणालींवरील हार्डवेअर-साहाय्यित व्हिडिओ प्लेबॅक म्हणजे सेट-टॉप बॉक्स, स्मार्ट टीव्ही, मोटारीतील पडदे, डिजिटल माहितीफलक, एकाच फलकावर बसवलेले छोटे संगणक अशा मर्यादित क्षमतेच्या उपकरणांवर संकुचित व्हिडिओ उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरऐवजी चिपमधील खास त्यासाठी घडवलेल्या मंडलाकडे सोपवण्याची पद्धत होय. उलगडण्याच्या या क्रियेस विसंकेतन आणि ती करणाऱ्या मंडलास डिकोडर म्हणतात. चिपमध्ये डिकोडर असणे आणि तो प्रत्यक्ष वापरला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर संचालन प्रणाली, ड्रायव्हर, मेमरीची रचना आणि परवाने भरून काढतात. यांपैकी एक दुवा जरी निखळला तरी सक्षम हार्डवेअर असलेले उपकरणही अडखळत व्हिडिओ दाखवते.

गरज

१९२० × १०८० पिक्सेलच्या एका चौकटीत २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ३० चौकटी दाखवायच्या तर दर सेकंदास सुमारे ६.२२ कोटी पिक्सेल तयार करावे लागतात. ७०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकगाभा प्रोसेसरला प्रत्येक पिक्सेलमागे जेमतेम ११ घड्याळी आवर्तने मिळतात. एवढ्यातच संकेत वाचणे, मागच्या चौकटींवरून हालचालीचा अंदाज बांधणे, राहिलेला फरक मिळवणे, ठोकळ्यांच्या कडा मऊ करणे आणि शिवाय ध्वनी, नेटवर्क व पडद्यावरील मजकूर सांभाळणे अपेक्षित असते. हे गणित सामान्य प्रोसेसरला जुळत नाही. जिथे जुळते तिथेही विजेचा आणि उष्णतेचा प्रश्न उरतो, कारण यांपैकी बऱ्याच उपकरणांत पंखा नसतो आणि काही बॅटरीवर चालतात.

हे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतो असा समज रूढ आहे आणि 'जीपीयू डिकोडिंग' हा शब्दप्रयोगही त्यातूनच आला. वास्तविक डिकोडर हा सहसा त्रिमितीय ग्राफिक्सच्या गाभ्यापासून वेगळा असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ मानकातील अंकगणिती संकेतनात पुढचा बिट समजण्यासाठी आधीचा बिट उलगडलेला असावा लागतो. शेकडो समांतर गणिते एकदम करण्यासाठी बनवलेल्या ग्राफिक्स गाभ्याला अशा एकामागून एक चालणाऱ्या कामात फारसा वाव नसतो. म्हणून उत्पादक त्यासाठी स्वतंत्र मंडल कोरतात. त्याची मर्यादाही यातच आहे: सिलिकॉनमध्ये जी मानके कोरली तीच त्याला कळतात. २०१३ मध्ये आलेले एचईव्हीसी अथवा २०१८ मध्ये आलेले एव्ही१ जुन्या चिपमधील डिकोडरला नंतर शिकवता येत नाही.

चौकटीचा प्रवास

प्लेअर प्रथम फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आलेल्या प्रवाहातील ध्वनी व चित्र वेगळे करतो आणि चित्राचा संकुचित भाग ड्रायव्हरमार्फत डिकोडरला देतो. हा भाग लहान असतो. खरा भार पुढे येतो. उलगडलेली चौकट बहुधा एनव्ही१२ या मांडणीत मेमरीत उतरते. तीत उजळपणाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, तर रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच साठवली जाते. अशी एक पूर्ण एचडी चौकट सुमारे ३.१ मेगाबाइटची, म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ मेगाबाइट. हीच चौकट प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागणाऱ्या मांडणीत रूपांतरित केली की आकडा सुमारे २४९ मेगाबाइटवर जातो. ३८४० × २१६० पिक्सेलच्या, १० बिटांच्या, सेकंदाला ६० चौकटींच्या व्हिडिओसाठी प्रत्येक नमुना १६ बिटांत ठेवल्यास केवळ चौकटी मेमरीत लिहिण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.५ गिगाबाइट लागतो.

त्यामुळे चौकटीची प्रत काढावी लागते की नाही, हा प्रश्न विसंकेतनाइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रत काढणे म्हणजे तेवढाच मजकूर एकदा वाचणे आणि एकदा लिहिणे. त्यात अनेक एआरएम चिपवर डिकोडरची मेमरी प्रोसेसरच्या कॅशेबाहेर ठेवलेली असते, त्यामुळे प्रोसेसरने ती वाचणे फारच संथ होते. डिकोडरने सर्व काम चोख करूनही एका अनावश्यक प्रतीपायी प्रोसेसर दमून जातो, असे यातून घडते. लिनक्स कर्नलमध्ये २०१२ मध्ये आलेली डीएमए-बफ ही सोय यासाठीच आहे. तिच्या आधारे एका ड्रायव्हरने राखलेला मेमरीचा भाग दुसऱ्या ड्रायव्हरला फक्त ओळखखूण देऊन वापरू देता येतो. डिकोडरने लिहिलेली चौकट पडद्याचा नियंत्रक तिथूनच वाचतो आणि आकार व रंग बदलण्याचे कामही तोच जाताजाता उरकतो.

आणखी एक अडचण डेस्कटॉप संगणकावर सहसा जाणवत नाही. पुष्कळ छोट्या चिपमधील डिकोडरला सलग मेमरीच लागते, कारण विखुरलेली पाने त्याला एकसंध भासवणारी व्यवस्था तिथे नसते. एच.२६४ च्या ४.१ पातळीवर पूर्ण एचडी आकारात संदर्भासाठी ४ चौकटी जपाव्या लागू शकतात. त्यांचे सुमारे साडेबारा मेगाबाइट आणि वर पडद्याच्या रांगेतील चौकटी. एकूण मेमरी २५६ मेगाबाइट असलेल्या उपकरणावर दोन-चार तासांच्या वापरानंतर एवढी सलग जागा शिल्लक असेलच असे नाही. म्हणून ती सुरू होतानाच राखून ठेवतात. जास्त राखली तर इतर कार्यक्रम उपाशी राहतात आणि कमी राखली तर व्हिडिओ सुरूच होत नाही.

रास्पबेरी पायचे उदाहरण

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या संगणकात ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप होती. तिच्यातील एआरएम गाभा ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे वरील गणितातलाच. तरीही हा संगणक पूर्ण एचडी एच.२६४ व्हिडिओ सहज दाखवी, कारण चिपमधील व्हिडिओकोर ४ या भागात डिकोडर होता. या रचनेत वीज सुरू झाल्यावर प्रथम व्हिडिओकोर जागा होतो, आपले फर्मवेअर वाचतो आणि त्यानंतर एआरएम गाभा सुरू करतो. फर्मवेअर थ्रेडएक्स या वास्तव-काल संचालन प्रणालीवर चालते. म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या लिनक्सच्या शेजारी दुसरी, न दिसणारी प्रणाली असते आणि व्हिडिओ उलगडण्याचा कारभार तिच्या हाती असतो. लिनक्स तिला केवळ निरोप पाठवते.

निरोपांची भाषा ओपनमॅक्स आयएल आणि नंतर ब्रॉडकॉमची एमएमएएल ही होती. ओपनमॅक्सवर आधारलेला ओएमएक्सप्लेअर दीर्घकाळ या संगणकावरील नेहमीचा प्लेअर होता. त्याच्या सुरळीतपणाचे रहस्य असे की उलगडलेली चौकट एआरएम गाभ्याकडे येतच नसे; व्हिडिओकोर ती थेट पडद्याच्या स्वतंत्र थरावर मांडी. त्याची किंमतही होती. चित्र डेस्कटॉपच्या खिडकीत न बसता तिच्यावर तरंगे, आणि त्यावर दुसरी खिडकी आणली तरी ते झाकले जात नसे.

'हाच संगणक फाइलमधला चित्रपट झकास दाखवतो, मग ब्राउझरमध्ये का अडखळतो?' या त्या काळच्या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. ब्राउझरला व्हिडिओवर बटणे, उपशीर्षके व पानाचा इतर मजकूर चढवायचा असतो. त्यामुळे चौकट त्याच्या हाती यावी लागते आणि प्रती सुरू होतात. दुसरे कारण असे की यूट्यूबसारखी संकेतस्थळे व्हीपी९ मानकातील प्रवाह पुढे करत, आणि व्हिडिओकोर ४ च्या डिकोडरला ते मानक येत नव्हते. २०१६ मध्ये आलेल्या पिक्सेल डेस्कटॉपसोबतच्या क्रोमियममध्ये म्हणूनच संकेतस्थळाकडे एच.२६४ प्रवाह मागणारे एच२६४इफाय हे विस्तारक बसवून दिले गेले.

या उदाहरणात परवान्यांची बाजूही उघड दिसते. एमपीईजी-२ आणि व्हीसी-१ ही मानके उलगडण्याची क्षमता पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये होती, पण पेटंटचे शुल्क वाचवून किंमत कमी राखण्यासाठी ती बंद ठेवलेली होती. ऑगस्ट २०१२ पासून ती उघडणाऱ्या किल्ल्या अनुक्रमे २.४० व १.२० पौंडांना विकल्या जाऊ लागल्या. किल्ली त्या एका फलकाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असे. डीव्हीडीवरील चित्रे आणि अनेक देशांतील डिजिटल टीव्ही प्रक्षेपण एमपीईजी-२ मध्ये असल्याने ही गोष्ट किरकोळ नव्हती. ब्रॉडकॉमने फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हिडिओकोर ४ च्या त्रिमितीय ग्राफिक्स भागाची कागदपत्रे खुली केली. डिकोडर मात्र बंद फर्मवेअरच्या आडच राहिला.

पुढील आवृत्त्यांनी एक अनपेक्षित वळण घेतले. जून २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये एचईव्हीसीसाठी वेगळा डिकोडर आला आणि एच.२६४ चा राहिला. एमपीईजी-२ व व्हीसी-१ वगळले गेले, कारण चार गाभ्यांचा नवा प्रोसेसर ती स्वतःच उलगडू शकत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मधून एच.२६४ चा डिकोडरही गेला. २.४ गिगाहर्ट्झच्या चार कॉर्टेक्स-ए७६ गाभ्यांना पूर्ण एचडी एच.२६४ जड जात नाही, हा त्यामागील हिशोब. हार्डवेअरचे साहाय्य कायमचे वाढत जाते असे मानणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

लिनक्समधील सामायिक मार्ग

प्रत्येक उत्पादकाची निराळी भाषा असल्याने प्लेअर लिहिणाऱ्यांना तेच काम पुनःपुन्हा करावे लागे. त्यावर तोडगा म्हणून लिनक्समध्ये मूळ कॅमेरे व टीव्ही कार्डांसाठी असलेला व्ही४एल२ हा मार्ग डिकोडरसाठीही वापरात आला. त्यात डिकोडरचे दोन प्रकार मानतात. पहिल्याला संकुचित प्रवाह जसाच्या तसा देता येतो. कोणती चौकट संदर्भासाठी जपायची हे त्याचे फर्मवेअर ठरवते. यास स्थितिधारी डिकोडर म्हणतात. दुसऱ्याला काहीच आठवत नाही. प्रत्येक चौकटीबरोबर तिची सर्व परिमाणे आणि संदर्भ चौकटींची यादी त्याला बाहेरून द्यावी लागते. यास स्थितिहीन डिकोडर म्हणतात आणि त्याचे बरेचसे डोके प्लेअरच्या बाजूला असते. परिमाणे व चौकट यांची जोडी चुकू नये म्हणून डिसेंबर २०१८ च्या लिनक्स ४.२० मध्ये विनंती एपीआय दाखल झाली.

त्याच आवृत्तीत ऑलविनर चिपसाठीचा सेड्रस हा ड्रायव्हरही आला. या चिप स्वस्त टॅब्लेट व फलकांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात, पण त्यांच्या डिकोडरची पुरेशी कागदपत्रे उपलब्ध नव्हती. स्वयंसेवकांनी उत्पादकाच्या बंद सॉफ्टवेअरचे वर्तन तपासून रजिस्टरांचे अर्थ लावले. त्या पायावर बूटलिन या फ्रेंच कंपनीने २०१८ मध्ये लोकवर्गणी उभारून ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नेला. मुख्य कर्नलमध्ये असण्याला व्यावहारिक अर्थ आहे. उत्पादकाचा ड्रायव्हर एका ठराविक जुन्या कर्नलपुरताच असेल, तर उपकरणाच्या मालकापुढे दोनच वाटा उरतात: सुरक्षा दुरुस्त्या न मिळणारी जुनी प्रणाली चालवणे किंवा नवी प्रणाली घेऊन डिकोडर गमावणे.

इतर प्रणाली

अँड्रॉइडमध्ये २०१२ च्या ४.१ आवृत्तीपासून अॅपना मीडियाकोडेक या वर्गामार्फत डिकोडर वापरता येतो. उत्पादकाने दिलेले हार्डवेअर डिकोडर आणि प्रणालीचे स्वतःचे सॉफ्टवेअर डिकोडर एकाच यादीत असतात. कोणता कोणत्या प्रकारचा आहे हे थेट विचारण्याची सोय अँड्रॉइड १० मध्ये आली. संरक्षित चित्रपटांच्या बाबतीत हार्डवेअर मार्ग ऐच्छिक राहत नाही. वाइडवाइनच्या सर्वोच्च पातळीवर उलगडलेल्या चौकटी सुरक्षित मेमरीत राहतात व सामान्य प्रणालीला त्या वाचता येत नाहीत. ही पातळी नसलेल्या उपकरणाला अनेक सेवा कमी स्पष्टतेचेच चित्र देतात, मग त्याचा डिकोडर कितीही चांगला असो.

सूक्ष्मनियंत्रकांवर चित्र बरेच साधे असते. एसटीएम३२ कुटुंबातील काही नियंत्रकांत जेपीईजी उलगडणारे मंडल आहे. फ्रीआरटीओएससारख्या छोट्या प्रणालीवर त्याच्या साहाय्याने सुट्या जेपीईजी चित्रांची माळ असलेला व्हिडिओ दाखवतात. चौकटींमधील साम्याचा फायदा त्यात घेता येत नसल्याने फाइल मोठी होते, पण संदर्भ चौकटी जपण्याचा प्रश्नही उरत नाही.

वापर होत आहे की नाही हे ओळखणे

बहुतेक प्लेअर हार्डवेअर डिकोडर न मिळाल्यास काहीही न सांगता सॉफ्टवेअरने विसंकेतन करू लागतात. लहान आकाराच्या व्हिडिओत फरक दिसत नाही. मोठ्या व्हिडिओत चौकटी गळतात, ध्वनी पुढे आणि चित्र मागे पडते, चिप तापून स्वतःचा वेग कमी करते आणि अडखळणे आणखी वाढते. प्लेबॅक चालू असताना प्रोसेसरवरील भार पाहणे ही पहिली सोपी तपासणी होय. मात्र तिच्यावरून डिकोडर नाही म्हणून भार आहे की प्रतींमुळे आहे, हे कळत नाही. एमपीव्ही या प्लेअरमध्ये हार्डवेअर पद्धतीच्या नावापुढे 'कॉपी' हा शब्द दिसला, तर विसंकेतन डिकोडर करतो पण प्रत्येक चौकट सामान्य मेमरीत उतरवली जाते, असा त्याचा अर्थ आहे. व्हिडिओचे मानक, त्याची पातळी आणि प्रत्येक नमुन्यातील बिटांची संख्या हेही पाहावे लागते. फक्त ८ बिटांचा एच.२६४ जाणणाऱ्या डिकोडरला १० बिटांची फाइल दिल्यास नावाने मानक तेच असूनही ती उलगडत नाही.