म्हातारपणी पडणं नशिबात लिहिलेलं नसतं



बैठकीत अंतर्गत कर्जाची कारणं लिहिताना बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्यासोबत ‘सासूबाईंचं ऑपरेशन’ हेही कारण येतं. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, हे त्यातलं नेहमीचं. कर्ज हप्त्याहप्त्याने फिटतं. पण सुनेची कित्येक आठवड्यांची मजुरी बुडते ती बुडतेच, आणि सासूबाई पुन्हा पहिल्यासारख्या चालतीलच याचा भरवसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीच्या पुढची माणसं सगळ्यात जास्त असतात.

आपण म्हणतो, “वय झालं, पडणारच.” तायांनो, हे खरं नाही. पडण्याची बरीचशी कारणं आपल्या घरातच असतात आणि ती दूर करता येतात.

तोल कसा सांभाळला जातो?

आपला तोल तीन गोष्टींवर असतो: डोळे, कानाचा आतला भाग आणि पायाचे तळवे-सांधे. तिन्हीकडून मेंदूला खबर जाते आणि मेंदू पायांच्या स्नायूंना कामाला लावतो. वयाप्रमाणे हे सगळंच थोडं मंदावतं. मोतीबिंदूने दिसायला कमी येतं. जुन्या शुगरने तळवे बधिर होतात, पायाखाली काय आहे ते कळत नाही. रात्री अंधारात लघवीला उठलं की डोळ्यांचा आधारही जातो. त्यात पाळी गेल्यानंतर बाईची हाडं ठिसूळ होत जातात, म्हणून साधं घसरणंही महागात पडतं.

“आई, तुम्ही बसा” याचा तोटा

एकदा पडलेली आजी घाबरते. घरचेही मायेने म्हणतात, “आई, तुम्ही उठू नका, बसून राहा.” पण बसून राहिल्याने मांड्यांची ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो आणि माणूस पुन्हा पडतं. म्हणून आजींना बसवून ठेवू नका. आधार देऊन चालतं ठेवा. भाजी निवडणं, अंगणात फेरी मारणं, गटाच्या बैठकीला येणं हे सगळं चालू राहू द्या.

दहा मिनिटांचा व्यायाम

आठवड्यातून किमान तीन दिवस करा. जवळ भिंत किंवा जड टेबल हवं, आणि घरातलं कोणीतरी शेजारी हवं. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, ती भिंतीला टेकवूनच वापरा.

१. उठ-बस: खुर्चीवरून किंवा खाटेवरून शक्यतो हाताचा आधार न घेता उभं राहायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा, मग हळूहळू दहापर्यंत.

२. टाचा उचलणं: भिंतीला हात लावून दोन्ही टाचा वर, मग हळू खाली. दहा वेळा.

३. एका पायावर उभं राहणं: आधार धरून, दहा आकडे मोजेपर्यंत. मग दुसरा पाय.

४. पावलाला पाऊल: भिंतीच्या कडेने, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत दहा पावलं.

पावलापुढे पाऊल ठेवून, आधाराशिवाय दहा सेकंद उभं राहता आलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, वारंवार चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी त्यांना विचारूनच व्यायाम सुरू करा.

घरात एक फेरी मारा

मोरीतलं शेवाळ आठवड्याला घासा. मोरी आणि संडासाच्या भिंतीला धरायला लोखंडी पाईप पक्का बसवून घ्या. खर्च थोडा आहे, ऑपरेशनपुढे काहीच नाही. उंबरठ्याला पांढरा किंवा पिवळा रंग द्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही कळतो. खाटेपासून संडासापर्यंत रात्री छोटा दिवा ठेवा, उशाशी बॅटरी. वाटेतली दावी, पाईप, वायर बाजूला करा. झिजलेल्या स्लीपर टाकून द्या. लुगडं पायात येणार नाही इतकं वर खोचा.

गोळ्या, उपवास आणि डोळे

बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीने उठताना गरगरू शकतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठल्यावर आधी काठावर बसायचं, थोडं थांबायचं, मगच उभं राहायचं. शुगरची गोळी घेऊन एकादशीला उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते आणि माणूस कोसळतं. उपवासाआधी विचारून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं, आशाताईंना विचारा. आणि आजींच्या ताटात डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे यातलं काहीतरी रोज असू द्या. उरलंसुरलं त्यांना, हे बंद करूया.

पडल्याच तर

घाईने ओढून उठवू नका. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, पायावर भार देता आला नाही, तर चोळू नका, तेल लावू नका. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. काहीही दुखत नसेल तर आजींना कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, खुर्ची धरून सावकाश उठू द्या.

काठी, चष्मा यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना ३,००० रुपये मिळतात. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

पुढच्या बैठकीत

हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं हे चार व्यायाम सगळ्यांनी मिळून करा. चाळिशीतल्या तायांनीही, कारण आपले पाय आत्ताच मजबूत करायचे आहेत. कोणत्या घरात मोरीला पाईप हवा, त्याची यादी करा आणि त्यासाठी छोटं कर्ज द्यायचं का, यावर ठराव घ्या. पडल्यामुळे बैठकीला यायच्या बंद झालेल्या मावशी असतील, तर दोघीजणी जाऊन त्यांना हात धरून घेऊन या.

आपली,
क्षेत्र समन्वयक