पत्रा, अस्तर आणि वायूचा दाब

सोड्याच्या काचेच्या बाटलीवरील पत्र्याचे बूच, ज्याला कारखान्यात ‘क्राउन’ म्हणतात, तेच बाटलीचे तोंड बंद करते असे सर्रास मानले जाते. परंतु पत्रा आणि काच हे दोन कठीण पदार्थ एकमेकांना कितीही घट्ट भिडवले, तरी त्यांच्या पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचसखलपणातून वायू वाट काढतोच. तोंड बंद करण्याचे खरे काम बुचाच्या आतील मऊ अस्तर करते, आणि ते अस्तर काचेच्या काठावर सतत दाबलेले ठेवणे एवढीच पत्र्याची जबाबदारी असते. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांना 1892 मध्ये या बुचाचे पेटंट मिळाले, तेव्हा ते अस्तर म्हणजे कॉर्कची पातळ चकती होती; आज तिच्या जागी प्लास्टिकचा थर असतो.

न वापरलेले बूच हातात घेतले, तर त्याची दातेरी झालर बाहेरच्या बाजूला पसरलेली दिसते आणि तिचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर भरतो. भरलेली बाटली यंत्राखाली आली की मधला दट्ट्या प्रथम बूच खाली दाबतो, त्यामुळे अस्तर काचेच्या काठावर चेपले जाऊन तिथल्या बारीकसारीक खाचा भरून काढते. हा दाब कायम असतानाच ‘गळा’, म्हणजे आतून निमुळते होत गेलेले कठीण पोलादाचे कडे, बुचावरून खाली उतरते आणि झालरीचे दात आत वळवून बाटलीच्या ओठाखालील फुगवट्याला अडकवते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अस्तर आधी चेपले गेले नाही तर दात कितीही वळवले तरी पकड वरवरचीच राहते. गळा वर उचलला जाताच पत्रा आपल्या लवचिकतेमुळे किंचित मागे सरतो, म्हणून कड्याचा व्यास हा फरक धरूनच ठरवावा लागतो. काम नीट झाले असेल, तर बसलेल्या झालरीचा व्यास सुमारे 28.7 मिलिमीटर भरतो.

एवढ्या काटेकोरपणाची गरज आतल्या वायूमुळे पडते. पाण्याच्या चौपट आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड ज्यात विरघळवलेला आहे, अशा सोड्यात 20 अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे साडेतीन पट जादा दाब असतो, आणि उन्हात ठेवलेल्या ट्रकमध्ये बाटली 40 अंशांपर्यंत तापली तर पाण्याची वायू धरून ठेवण्याची क्षमता घटून तो दाब जवळजवळ दुप्पट होतो. बूच उडवू पाहणाऱ्या या जोराला झालरीचे 21 दात तोंड देतात (पेंटर यांच्या मूळ बुचाला 24 होते).

महाराष्ट्रात अजूनही दिसणाऱ्या गोटी सोड्याची रचना नेमकी याच्या उलट आहे. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत आतला वायूच काचेची गोटी मानेतील रबरी कड्यावर दाबून धरतो, त्यामुळे दाब वाढेल तसे तोंड अधिकच घट्ट होते. निव्वळ युक्ती म्हणून पाहिले, तर कॉड यांची रचना सरस म्हणावी लागेल. मात्र चिमटलेल्या मानेची ती बाटली घडवणे खर्चिक आणि आतून घासणे कठीण, तर क्राउनला साध्या ओठाची बाटली आणि एकदा वापरून टाकून देण्याजोगा पत्र्याचा तुकडा पुरतो.

क्राउनची बाजू लंगडी पडते ती गळ्याच्या झिजेमुळे. हजारो बुचे बसवताना कडे आतून घासून रुंद होत जाते आणि झालर सैल बसू लागते; उलट दाब वाजवीपेक्षा जास्त ठेवला, तर अस्तर कापले जाते किंवा काचेच्या ओठाची कपची उडते. सैल बसलेले बूच नुसत्या नजरेला ओळखू येत नाही, सोडा मात्र दुकानात पोहोचेपर्यंत मिळमिळीत होतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यात ठरावीक वेळाने काही बाटल्या बाजूला काढून त्यांच्या झालरीचा व्यास गेजने मोजतात, आणि तो मर्यादेबाहेर गेला की कडे बदलतात.