बालवर्गासाठी खेळणी कशी निवडावी?



मागे आमच्या बालवर्गात दोन बाहुल्या आल्या. एक बॅटरीची, पोट दाबले की इंग्रजीत चार वाक्ये बोलणारी. दुसरी एका आजीने जुन्या लुगड्याची शिवलेली, चिंधीची. पहिल्या दिवशी सगळी मुले बोलक्या बाहुलीभोवती होती. आठवड्याभरात ती कपाटावर गेली. चिंधीच्या बाहुलीला मात्र रोज ताप येत होता आणि "कडू लागलं तरी प्यायचं हं!" असे तिला मराठीत समजावले जात होते.

खेळणे निवडताना एवढेच पाहावे. जे खेळणे सर्व काही स्वतःच करते, त्यासमोर मूल नुसते प्रेक्षक होते. जे साधे असते, त्यात मूल आपली कल्पना आणि आपली भाषा घालते. लाकडी ठोकळे, भातुकली, मातीचा गोळा, जुनी ओढणी, रिकामे खोके ही अशी खेळणी आहेत. खोके आज बस असते, उद्या दुकान.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. आपल्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तेथे काम करताना अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून खेळणी घडवली.

काही पालक म्हणतात, "बालवर्गात नुसते खेळवतात." राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातूनच व्हावे असे म्हटले आहे. आमचा अनुभवही तोच. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. थोरल्या बहिणीच्या भातुकलीत आम्ही पाहुणे म्हणून बसत असू. मराठीत आग्रह कसा करावा आणि तो कसा नाकारावा, हे तेथेच शिकलो. धार-देवासमध्ये रस्त्यावरची भाषा हिंदी आहे. मुलांना मराठी बोलायला आणखी एक जागा हवी, ती खेळाची.

काळजीही घ्यावी. तीन वर्षांखालील मुलांना मणी, गोट्या, बटणे देऊ नयेत. बटणासारखे छोटे सेल गिळले गेल्यास फार धोका असतो. विकतच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

विश्वस्त मंडळास विनंती की, खेळण्यांच्या रकमेतून बॅटरीची खेळणी न घेता ठोकळे घ्यावेत. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी खोकी व काड्या जमवाव्यात. आणि घरोघरच्या आज्यांनी एकेक बाहुली शिवून द्यावी, ही नम्र विनंती.