हेलिकॉप्टर अपघात अन्वेषण : (यांत्रिक बिघाडाचे). कोसळलेल्या हेलिकॉप्टरचे अवशेष, अभिलेखकांतील नोंदी व देखभालीची कागदपत्रे यांच्या आधारे अपघातास कारणीभूत झालेला सदोष भाग निश्चित करण्याची प्रक्रिया. दोषी व्यक्ती ठरविणे हा तिचा हेतू नसून त्याच प्रकारच्या इतर हेलिकॉप्टरांना तसा अपघात होऊ न देणे हा असतो. भारतात नागरी अपघातांचे अन्वेषण २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. सैनिकी अपघातांसाठी चौकशी मंडळ नेमतात.

विमानाचे एंजिन बंद पडले, तरी स्थिर पंखांमुळे ते तरंगत उतरू शकते. हेलिकॉप्टरही एंजिन बंद पडल्यास हवेच्या झोताने फिरत राहणाऱ्या पात्यांच्या आधारे उतरविता येते. परंतु मुख्य घूर्णक, त्याची दंतचक्रपेटी किंवा पात्यांचा कोन बदलणारे नियंत्रण दंड यांपैकी काही निकामी झाल्यास बहुधा पर्याय उरत नाही. त्यामुळे अन्वेषक प्रथम या भागांकडे वळतात.

आदळण्यामुळे बहुतेक भाग मोडतात. म्हणून आधी मोडलेला भाग आणि आदळल्याने मोडलेले भाग वेगळे करणे, हा अन्वेषणाचा गाभा होय. एकाच जबर आघाताने तुटलेल्या धातूचा पृष्ठभाग खडबडीत असून भाग वाकलेला वा ताणलेला दिसतो. याउलट वारंवार बदलणाऱ्या भाराने धातूला शिणवटा येऊन भेग हळूहळू वाढलेली असल्यास तुटीवर ओहोटीनंतर वाळूत उमटणाऱ्या रेषांसारख्या वक्र रेषा आढळतात. त्यांच्या मध्यावरून भेगेचा उगम कळतो. तुटीचे दोन्ही भाग एकमेकांना जुळवून पाहणे कटाक्षाने टाळतात, कारण घर्षणाने हा पुरावा पुसला जातो. समुद्रातून काढलेले भाग गंज थांबविण्यासाठी गोड्या पाण्याने धुतात. ध्वनी अभिलेखकात दंतचक्रांचा आवाजही नोंदला जात असल्याने त्याच्या कंप्रतेतील बदलावरून बिघाडाचा क्षण ठरविता येतो.

नॉर्वेतील ट्युरॉय येथे २९ एप्रिल २०१६ रोजी हेलिकॉप्टरचा मुख्य घूर्णक हवेतच सुटून १३ जण मरण पावले. दंतचक्रपेटीतील एका ग्रहीय दंतचक्रात शिणवट्याची भेग वाढली होती. ती मुख्यतः पृष्ठभागाखाली वाढल्याने धातूचे कण फारसे सुटले नाहीत व तेलातील चुंबकीय कणशोधकाने पूर्वसूचना दिली नाही.

मुंबईच्या किनाऱ्याजवळ ८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरची शक्ती व उंची अचानक कमी झाली. वैमानिकांनी ते पाण्यावर उतरविल्याने तिघेही वाचले. त्याच महिन्यात कोची येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ नियंत्रणे निकामी होऊन कोसळले. त्यानंतर या ताफ्यातील नियंत्रण दंड तपासून पोलादी दंड बसविण्यात आले. तथापि ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे आणखी एक ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तेथे वैमानिकाची आज्ञा फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचविणारी ‘स्वॉश प्लेट’ भंगल्याचे आढळले व संपूर्ण ताफ्याची उड्डाणे थांबविण्यात आली. एक दुबळा भाग बदलल्याने त्याच नियंत्रण साखळीतील दुसऱ्या भागाची खात्री मिळत नाही, हे यावरून दिसते.

यांत्रिक बिघाड आढळला, म्हणजे तोच अपघाताचे कारण असतो असेही नाही. आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या हेलिकॉप्टरच्या २ सप्टेंबर २००९ रोजीच्या अपघातात तेलदाबाच्या बिघाडाची सूचना मिळाली होती. वैमानिक काही मिनिटे त्यावरील उपाय शोधण्यात गुंतले. मात्र हेलिकॉप्टर कोसळले ते वादळी ढगांतील तीव्र अधोगामी वायुप्रवाहामुळे, असा निष्कर्ष निघाला.